घरसेवेची फी उत्पन्नावर ठरणार असेल तर आधी काय जमवावं

अंघोळ घालणं, औषधं देणं, चालताना आधार देणं, अशा घरी येऊन दिल्या जाणाऱ्या सेवेची फी अनेक देशांत उत्पन्न पाहून ठरते. पण तयारी उत्पन्नाच्या कागदांपासून करू नका. आधी आठवडाभर एक वही ठेवा. रात्री किती वेळा उठवावं लागलं, तोल कुठे गेला, जेवण कोणी भरवलं, सगळं लिहा. किती तास सेवा लागेल याच्या पाहणीला माणूस आला की आजी हमखास म्हणतात, "माझं मी करते सगळं," आणि मंजूर होणारे तास तिथेच घटतात. अशा वेळी वही पुढे करता येते.

मग पेन्शन, व्याज, भाडं यांचे कागद आणि गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. ठेवी आणि शेअर वेगळ्या पानावर लिहा, कारण बचतीला बहुधा वेगळा नियम लागतो. इंग्लंडमध्ये बचत 23,250 पौंडांच्या वर असेल तर साधारणपणे पूर्ण खर्च स्वतःचा. 14,250 पर्यंतची बचत धरत नाहीत. मधल्या रकमेत दर 250 पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात. राहतं घर तिथे घरसेवेसाठी मोजत नाहीत. तुमच्याकडे घर धरतात का, जोडीदाराचं उत्पन्न आणि जोडखातं कसं मोजतात, हे आधीच विचारा. अर्जाच्या तोंडावर पैसे मुलांच्या नावावर करू नका. ते अजून तुमचेच आहेत असं धरलं जाऊ शकतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो आजारपणाच्या खर्चाला. डायपर, जादा धुलाई, पथ्याचं जेवण, दवाखान्याच्या फेऱ्या, व्हीलचेअरची दुरुस्ती. असे खर्च उत्पन्नातून वजा होण्याची सोय असली तरी मागितल्याशिवाय ते कोणी वजा करेलच असं नाही, आणि घरच्यांना तर ते खर्च वाटेनासेच झालेले असतात. पावत्या आजपासून एका पाकिटात टाका.

रुग्णाला विसरभोळेपणा असेल तर त्याच्या वतीने सही कोण करणार, याचा अधिकारपत्रासह निकाल आधी लावा. जखमेची मलमपट्टी, इंजेक्शन ही कामं आरोग्यसेवेच्या खात्यातून होतात का, तेही विचारा.

फीचा आकडा हाती आला की हिशोब लेखी मागा. काळजीवाहक आली नाही किंवा रुग्ण रुग्णालयात असला तर त्या दिवसांची फी लागते का, उत्पन्न घटलं तर फेरतपासणी कधी होते, आणि निर्णय पटला नाही तर दाद किती दिवसांत मागायची, ही उत्तरंही त्याच कागदावर लिहून घ्या.