इन्सुलिन चालू होणारे? पहिल्या टोचणीआधी घरात एवढं लावून घ्या

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की घरात सगळे सुईबद्दलच बोलायला लागतात. माझंही तेच झालं, ४६व्या वर्षी शुगर निघाली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) १२च्या वर, म्हणून डॉक्टर म्हणाले आधी इन्सुलिनच, गोळ्यांचं नंतर बघू, आणि मी दोन रात्री नुसती सुई डोळ्यांसमोर आणून जागी. इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई ४ मिलिमीटरची असते हो, बारीक, बऱ्याचदा टोचलेलं कळतसुद्धा नाही. खरी तयारी करायची ती शुगर लो होण्याची, आणि ती एकट्याने करून चालत नाही, घरातल्या सगळ्यांना घेऊन करावी लागते.

म्हणून सगळ्यात आधी साखर. हो, साखरच. उशीपाशी, पर्समध्ये, स्कूटरच्या डिक्कीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी ठेवून द्या. हात थरथरले, दरदरून घाम आला, छातीत धडधडलं, उगाच चिडचिड झाली की शुगर मशीन लावून बघायचं, ७०च्या खाली असेल तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी परत चेक, तरी खालीच असेल तर परत तेवढीच. मशीन हाताशी नसेल तर चेक करायला थांबू नका, आधी साखर घ्या. शुगर वर आली की मग काहीतरी खाऊन घ्यायचं.

माझी पहिली लो संकष्टीला झाली. सकाळी रोजचा डोस घेतला आणि उपास धरला, साबुदाणा पण नाही, चंद्रोदय रात्री साडेनऊला. संध्याकाळी सात वाजता ओट्यापाशी उभी होते, हातातला चमचा सुटला आणि लेकीला हाक मारायची तर तिचं नावच आठवेना. मशीनवर ५२. सासूबाई घाबरून पेढा घेऊन धावल्या, त्यांची माया कळते मला, पण दुधातुपातला गोडवा रक्तात उतरायला वेळ लागतो, लेकीने साखरपाणी दिलं तेव्हा हळूहळू जिवात जीव आला. त्यामुळे उपास, लग्न, प्रवास सगळं डॉक्टरांना आधी विचारा, त्या दिवशी डोस किती, कधी, ते लिहून घ्या. आणि घरच्यांना एक गोष्ट पाठ करून ठेवायला सांगा, माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन.

मग सामान. पेन असेल तर सोपं आहे, बाटली आणि सिरिंज असेल तर डोळ्यात तेल घालून बघा, आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटवालं आणि १०० युनिटवालं, आणि दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या, ४०ची लाल टोपीची, १००ची नारिंगी. मला एका दुकानातून १००च्या बाटलीबरोबर लाल टोपीच्या सिरिंज दिल्या होत्या, घरी येऊन लेकीने आकडे जुळवले म्हणून वाचले, नाहीतर २० युनिट म्हणून ५० गेले असते. तेव्हापासून काउंटरवरच बाटली आणि सिरिंज शेजारी धरून वाचते, मागे लाइन लागली तरी चालेल.

ठेवायचं कुठे, तर न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याखाली नाही आणि मागच्या भिंतीला चिकटून नाही, एकदा गोठलं की फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. वापरातलं पेन बाहेर चालतं, बहुतेक इन्सुलिन २८ दिवस, पॅकवर बघून घ्या आणि उघडल्याची तारीख पेनावर चिकटवा. पण ते चालतं ३०च्या आतल्या तापमानाला, आणि आपल्या इंदूरचा मे म्हणजे पारा ४०च्या पुढे, लाइट गेली की खोली भट्टी. मी छोट्या मातीच्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात स्टीलचा डबा बसवलाय आणि पेन त्यात, मस्त गार राहतं. उभ्या कारमध्ये तर पाच मिनिटंही सोडू नका. पुण्याला जाताना हातातल्या बॅगेत, विमानात सामानाबरोबर खाली देऊ नका.

शुगर मशीनच्या स्ट्रिपची डबी लगेच बंद करायची, आणि बोट टोचायच्या आधी हात धुवायचे. मी आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर २४०, साबणाने धुवून परत घेतलं तर १५६! त्या २४०वर कोणी डोस वाढवला असता तर?

टोचायचं पोटावर, बेंबीपासून तीन बोटं सोडून, किंवा मांडीवर, आणि जागा रोज बदलायची. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ येते आणि तिथून औषध कधी कमी लागतं कधी जास्त. आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब दिसतो का बघा, टोचल्यावर दहापर्यंत मोजा मगच सुई काढा, आणि सुई लावून पेन ठेवून देऊ नका. दुधासारखं गढूळ मिक्स इन्सुलिन असेल तर हातात हळू हळू फिरवून एकसारखं करून घ्यायचं.

जेवणाच्या वेळा डॉक्टरांना खऱ्या सांगा. सकाळी पोहे-जलेबी होते तर होते म्हणा, त्यावरच डोस बसतो. आणि कोणतं इन्सुलिन जेवणाआधी किती मिनिटं ते विचारा, कारण अर्धा तास आधीचं घेऊन तुम्ही लग्नाच्या पंगतीत दीड तास ताटाची वाट बघत बसलात तर लो ठरलेली.

पहिले काही आठवडे धूसर दिसू शकतं, शुगर खाली येताना होतं असं. नवा चष्मा करायला लगेच पळू नका, पण डोळ्याचा पडदा मात्र तपासून घ्या.

वापरलेल्या सुया फिनाइलच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकायच्या, भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारायची आणि वर मोठ्या अक्षरात सुया असं लिहायचं. इंदूरच्या कचरा गाडीत अशा घातक कचऱ्याचा डबा वेगळा असतो, बाटली हातात देऊन आत काय आहे ते तोंडाने सांगा, ओल्या-सुक्यात टाकून येऊ नका, तो कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातात सुई जाते.