पोस्टडॉकचा अर्ज करताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या घरी पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या संधीचे, दोन-तीन अर्ज वाचायला येतात. विज्ञानाचा इतिहास किंवा विज्ञान आणि समाज या विषयांत पीएचडी केलेली मुलं-मुली असतात, आणि डोळा बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेवर, नाहीतर युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपवर. पाणी कुठे मुरतंय ते बहुतेक वेळा पहिल्याच पानावर कळतं.

पाणी मुरतं ते प्रबंधात. तोच झाडूनपुसून पुन्हा पाठवलेला असतो. 'कुलाबा वेधशाळेचा इतिहास' हे शीर्षक घ्या. यात विषय आहे, प्रश्न कुठाय? मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं गेलं. प्रश्न इथे आहे: शहर आणि उपकरण आमनेसामने आले, तेव्हा माघार कुणी घ्यायची हे ठरवलं कुणी? लंडनजवळच्या क्यू वेधशाळेवरही हीच पाळी आली आणि तिथलं चुंबकीय काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युरला गेलं. आता अलिबाग नकाशावर न सापडणारा परीक्षकही पुढचं पान उलटतो.

'या विषयावर आजवर कुणीही काम केलेलं नाही' हे वाक्य खोडाच. ज्याने काम केलंय, नेमका तोच परीक्षक निघतो.

'अभिलेखागाराचा वापर करणार' एवढ्यानेही भागत नाही. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात कोणत्या खात्याच्या, कोणत्या वर्षांच्या फायली बघणार, ते लिहा. त्यासाठी आधी दोन-चार दिवस लोकलचे धक्के खाऊन तिथे बसावं लागतं. त्याला इलाज नाही.

ज्यांच्याकडे काम करायचं त्या यजमान प्राध्यापकांना ऑगस्टमध्ये पहिला मेल टाकू नका, निम्मा युरोप तेव्हा सुट्टीवर असतो. मे-जूनमध्येच लिहा, आणि 'आपल्या मार्गदर्शनाखाली संधी मिळावी' असं आर्जव करण्यापेक्षा आपल्या प्रश्नाचं एक पानी टिपण जोडा.

प्रबंध जमा केला म्हणजे पीएचडी झाली, असं मारी क्युरीत चालत नाही. मुदतीच्या दिवसापर्यंत व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, पार पडलेला हवा. विद्यापीठात तो रखडला असेल तर यंदा थांबा.

आणि ही मुदत ब्रुसेल्सच्या घड्याळाने मोजतात. तिथले संध्याकाळचे ५ म्हणजे सप्टेंबरात आपल्याकडे रात्रीचे ८.३०. त्या वेळी वाशीच्या खाडीपुलावर लोकलमध्ये उभं राहून पीडीएफ चढवणारा एक वीर मला माहीत आहे. मानखुर्द आलं, फाइल काही चढली नाही.