विद्यार्थ्यांची गळती थांबवायची असेल, तर या चुका टाळा

साहाय्याचे उपक्रम चालू असूनही विद्यार्थी महाविद्यालय अर्ध्यावर सोडत असतील, तर निधी वाढवण्याआधी उपक्रमांची रचना तपासावी. सर्वांत घातक चूक आहे ती मदत तुकड्यातुकड्यांनी देण्याची. शिकवणी एका विभागात, समुपदेशन दुसऱ्या इमारतीत आणि शुल्कसवलतीचा अर्ज तिसऱ्याच खिडकीवर असेल, तर नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी, म्हणजे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच, या तिन्ही ठिकाणी पोहोचू शकत नाही.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ उपक्रमात पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर शिष्यवृत्तीतून न भागणारे शुल्क, पाठ्यपुस्तकांचा खर्च, प्रवासाचा पास आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार हे सारे एकत्र दिले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागलेल्या ८९६ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण उपक्रमात ४० टक्के, तर बाहेर २२ टक्के होते. ओहायोतील तीन महाविद्यालयांनी हा नमुना उचलला, तेव्हाही हे प्रमाण ३५ आणि १९ टक्के असे राहिले. मात्र पास आणि पुस्तके ठेवायची आणि सल्लागारांचे पगार महाग म्हणून तेवढे वगळायचे, अशी अर्धी नक्कल करू नये; माझ्या मते या योजनेचा प्राण त्या सल्लागारातच आहे.

विद्यार्थी मागे पडू लागला की धोक्याची सूचना देणाऱ्या संगणकप्रणालीचेही तसेच आहे. ‘आपली उपस्थिती समाधानकारक नाही’ असा ठरावीक मजकूर, आधीच खचलेल्या मुलाच्या न उघडलेल्या पत्रांत जाऊन पडतो आणि कार्यालयात मात्र ‘कळवले’ अशी नोंद होते. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने अशी प्रणाली बसवताना ४२ नवे सल्लागार नेमले, हे विसरता येत नाही. याच विद्यापीठाने २०११ पासून, केवळ थोडी रक्कम थकल्यामुळे नाव कमी होणाऱ्या विद्यार्थ्यांना लहान अनुदाने दिली. शेवटच्या वर्षाला पोहोचलेली मुलगी एवढ्याशा थकबाकीपायी घरी बसते, तेव्हा महाविद्यालयाने तिच्यावर आधी केलेला सारा खर्चही वाया जातो.

प्रवेशावेळच्या एकाच चाचणीवरून विद्यार्थ्याला श्रेयांक नसलेल्या पूर्वतयारी वर्गात अडकवणे हीदेखील टाळण्याजोगी चूक आहे. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने सामुदायिक महाविद्यालयांना, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सरकारी महाविद्यालयांना, शालेय गुण विचारात घेणे बंधनकारक केले. कच्च्या विद्यार्थ्याला नियमित वर्गातच बसवून जोडीला जादा तास द्यावेत.

शेवटी मोजमापाचे. कार्यशाळेला किती जण आले, याने काहीच कळत नाही. पुढच्या सत्राला किती जण परतले, हे पाहावे. नोंदणीची मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी, नोंदणी न केलेल्यांची यादी काढून ओळखीच्या सल्लागाराने प्रत्येकाला स्वतः फोन करावा आणि अडचण काय आहे, हे विचारावे.