‘टू’च्या अलीकडे की पलीकडे? द्राक्षांच्या हंगामात शिकलेले इंग्रजी

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरील एका द्राक्ष निर्यात कार्यालयाच्या कागदपत्र विभागात मी रुजू झालो, तेव्हा मराठी माध्यमाची शाळा आणि वाणिज्य शाखेची पदवी एवढेच माझे भांडवल होते. काळ, कर्तरी-कर्मणी, शब्दयोगी अव्यये हे सारे घोकलेले होते. मात्र एका वाक्यात दोन क्रियापदे आली आणि त्यांतले दुसरे ‘टू’ लावून आले, की ‘आज’, ‘लगेच’, ‘पूर्णपणे’ असे क्रियाविशेषण कोठे ठेवावे, हे मला कोणत्याही परीक्षेने विचारले नव्हते. निफाड, दिंडोरी, पिंपळगावहून अशा नोकऱ्यांत नव्याने येणाऱ्या मुलामुलींचेही अडणे बहुधा येथेच असते, म्हणून हे लिहीत आहे.

माझी पहिली ठेच फेब्रुवारीतली, हंगाम ऐन भरात असतानाची. नेदरलँड्सला निघालेल्या एका कंटेनरच्या फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर, म्हणजे माल रोग-किडींपासून मुक्त असल्याच्या सरकारी प्रमाणपत्रावर, पेट्यांची संख्या चुकली होती. सीमाशुल्काची कामे पाहणाऱ्या आमच्या क्लिअरिंग एजंटने दुपारी फोनवर सांगितले, की सुधारित प्रत मिळवून पाठवतो, दोन दिवस लागतील. मी खरेदीदाराला तत्परतेने कळवले : ‘द एजंट प्रॉमिस्ड टू सेंड द करेक्टेड सर्टिफिकेट टुडे.’ एजंटने आज कबूल केले, एवढेच मला म्हणायचे होते. खरेदीदाराने मात्र प्रत आजच येणार असे वाचले, तो दिवसभर वाट पाहत बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याची जी ईमेल आली, ती साहेबांच्या टेबलावर छापील स्वरूपात माझी वाट पाहत होती.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी माझे वाक्य मराठीत दोनदा लिहायला लावले. ‘एजंटने सुधारित प्रमाणपत्र पाठवण्याचे आज कबूल केले’ हे एक, आणि ‘एजंटने सुधारित प्रमाणपत्र आज पाठवण्याचे कबूल केले’ हे दुसरे. मराठीत ‘आज’ ज्या क्रियापदाच्या पुढ्यात बसतो, त्याचाच होतो, त्यामुळे आपण सहसा चुकत नाही. इंग्रजीत कालवाचक शब्द वाक्याच्या शेवटी जाण्याची सवय आहे, आणि शेवटी गेलेला शब्द वाचणारा जवळच्या क्रियापदाला जोडतो. माझ्या वाक्यात जवळचे क्रियापद ‘सेंड’ होते, ‘प्रॉमिस्ड’ नव्हे. ‘टुडे द एजंट प्रॉमिस्ड टू सेंड’ असे ‘टुडे’ आरंभीच ठेवले असते, तर शंकेला जागा उरली नसती.

मग दोन क्रियापदांच्या मध्येच शब्द ठेवला तर? ‘वी ॲग्रीड प्रॉम्प्टली टू पे’ असे कोणी लिहिले, तर तत्परता कबुलीत होती की पैसे देण्यात असणार आहे? दोन्ही अर्थ निघतात. दोन्हीकडे पाहणाऱ्या अशा शब्दाला इंग्रजी व्याकरणकार तिरळा म्हणतात, आणि हे नाव मला फार समर्पक वाटते. व्यवहाराच्या पत्रात असा शब्द ठेवू नये. कबुली तत्पर असेल, तर ‘वी प्रॉम्प्टली ॲग्रीड टू पे’. पैसे तत्परतेने द्यायचे असतील, तर ‘वी ॲग्रीड टू पे प्रॉम्प्टली’. त्या दिवसापासून मी फुलस्केप वहीत आधी मराठी वाक्य लिहू लागलो आणि क्रियाविशेषणापासून त्याच्या क्रियापदापर्यंत लाल पेनने बाण काढू लागलो. इंग्रजी वाक्यातही तोच बाण निघतो का, एवढेच पाहायचे. पहिल्या महिन्यात ती वही लालभडक झाली होती.

नकाराचीही हीच गत आहे. ‘दर कमी न करण्याचे आम्ही ठरवले’ म्हणजे ‘वी डिसायडेड नॉट टू रिड्यूस द रेट’. याऐवजी ‘वी डिड नॉट डिसाइड टू रिड्यूस’ लिहिले, तर आमचा निर्णयच झालेला नाही असा अर्थ जाऊ शकतो, आणि समोरचा घासाघीस चालू ठेवतो.

‘फार’ या शब्दाने मला याहून अधिक छळले. ‘लोडिंग करायला आता फार उशीर झाला’ या वाक्यात लोडिंग होणार नाही हे आपल्याला स्वरावरून कळते, म्हणून आपण ‘इट इज व्हेरी लेट टू लोड’ असे लिहून मोकळे होतो. इंग्रजीत ‘व्हेरी’ केवळ उशीर किती झाला ते सांगतो. काम आता शक्य नाही हे सांगण्यासाठी दोन ‘ओ’ असलेला ‘टू’ लागतो, आणि त्यामागून एक ‘ओ’ असलेला ‘टू’ व क्रियापद येते. देवनागरीत दोघे सारखेच दिसतात, ही आपली आणखी एक अडचण. या रचनेत नकार आतच दडलेला असल्यामुळे वेगळा ‘नॉट’ घालायचा नाही. याच्या उलट ‘इनफ’ची जागा : आपण ‘पुरेसे थंड’ म्हणतो, म्हणून हात ‘इनफ कोल्ड’ लिहायला धावतो, पण इंग्रजीत विशेषण आधी आणि ‘इनफ’ नंतर, ‘कोल्ड इनफ टू लोड’.

राहिला प्रश्न ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालण्याचा. अशोकस्तंभाजवळच्या ज्या वर्गाला मी संध्याकाळी जात असे, तेथे हे पाप मानले जाई. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी ‘कर्तुम्’, ‘गन्तुम्’ ही तुमन्त अव्यये आठवावीत किंवा सरळ आपले ‘पाठवायला’ घ्यावे : प्रत्यय धातूला चिकटलेला असल्याने मध्ये काही शिरूच शकत नाही. इंग्रजीतला ‘टू’ सुटा आहे, म्हणून तेथे फट राहते, आणि तेराव्या-चौदाव्या शतकापासून लोक त्या फटीत शब्द घालत आले आहेत. कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांनी 1864 मध्ये यावर आक्षेप घेतला आणि पुढे शिक्षकांनी त्याचा नियम करून टाकला. माझ्या मते नवख्याने हा नियम फार मनावर घेऊ नये. लासलगावच्या बाजाराविषयी ‘कांद्याचा भाव दुपटीहून अधिक वाढण्याची अपेक्षा आहे’ असे लिहायचे असेल, तर ‘द प्राइस इज एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल’ या वाक्यातले ‘मोअर दॅन’ उचलून दुसरीकडे ठेवून पाहावे. ते कोठेच बसत नाही. तसेच ‘ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड’ म्हणजे त्याला थोडे तरी समजले, तर ‘ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड’ म्हणजे काहीच समजले नाही. जुना नियम पाळण्यासाठी पहिल्याचे दुसरे केले, तर त्या माणसावर अन्यायच होईल.

मात्र समोरचा खरेदीदार जुन्या वळणाचा वाटला आणि अर्थ बिघडत नसेल, तर मीही शब्द शेवटी नेतो. ‘टू केअरफुली चेक द सील’ऐवजी ‘टू चेक द सील केअरफुली’ लिहायला काही जास्त लागत नाही.

यंदा आमच्याकडे रुजू झालेल्या मुलीने ‘प्लीज रिमेंबर टू ऑलवेज चेक द टेम्परेचर’ असे लिहून मला दाखवले आणि ‘दादा, ऑलवेज रिमेंबरच्या आधी नेऊ का?’ असे विचारले. मी तिला बाण काढायला सांगितले. तिने ‘नेहमी’पासून ‘तपासणे’पर्यंत बाण काढला आणि ईमेल होती तशीच पाठवून दिली.