मेल सर्व्हर रखडलाय? हात लावण्याआधी हे गोळा करा

"मेल स्लो आहे" एवढ्यावरून काहीही शोधता येत नाही. इंदूरच्या सांवेर रोडचा कारखाना असो की सियागंजातली पेढी, पुढचं वाक्य ठरलेलं: "सकाळपासून असंच चाललंय." सकाळपासून म्हणजे किती वाजता? एक, फक्त एक मेल धरा. कोणाकडून, कोणाला, कितीची अटॅचमेंट, पाठवलं ते मिनिट कोणतं. उशिरा का होईना, पोचला असेल तर हेडरसकट मागवा. नुसता फॉरवर्ड नको, त्यात मूळ हेडर उडतात. फाइल म्हणून जोडून पाठवायला सांगा. रिसीव्ह्ड ओळी खालून वर वाचायच्या. प्रत्येकीवर वेळ असते आणि वेळेच्या पुढे टाइमझोन. तो टाइमझोन वाचा. पुन्हा सांगतो, वाचा.

कारण घड्याळ. मागच्या खेपेला बाकी सगळं गोळा केलं आणि हेच राहिलं. मेल सर्व्हर भारतीय वेळेवर, त्याच्या पुढे बसवलेला स्पॅम गाळणारा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आणि सकाळी दहाची तक्रार मी दोन्ही लॉगांत दहालाच शोधत होतो. यूटीसीच्या लॉगात आपले सकाळचे १० म्हणजे ०४:३०. साडेपाच तासांचा घोळ लगेच लक्षात येईल असं वाटतं ना? नाही येत. यूटीसीचे १० म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, आणि तेव्हाही ऑफिसात मेलची गर्दी असतेच, त्यामुळे तिथे दिसणाऱ्या ओळी अगदी खऱ्या वाटतात. एक्स्चेंजवाल्यांनी (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) हसू नये. तुमचे आयआयएस या वेब सर्व्हरचे आणि मेसेज ट्रॅकिंगचे लॉगही यूटीसीतच असतात.

म्हणून प्रत्येक मशीनवर पहिली कमांड डेट, दुसरी डेट -यू, मग टाइमडेटसीटीएल आणि घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीचं ट्रॅकिंग. चारही एका फाइलीत. मेल सर्व्हर, गाळणी, डेटाबेस वेगळा असेल तर तोही, फायरवॉलसुद्धा. तीन-चार मिनिटांनी मागे पडलेलं घड्याळ तर साडेपाच तासांपेक्षा वाईट, कारण ते उघड चुकलेलं दिसतच नाही. जुन्या सेटअपवर क्रूटमध्ये, म्हणजे एका डिरेक्टरीत कोंडून, चालणाऱ्या पोस्टफिक्सकडे (मेल नेणारा-आणणारा सर्व्हर) स्वतःची लोकलटाइम, म्हणजे टाइमझोनची फाइल नसली, तर एकाच मेल लॉगमध्ये काही ओळी यूटीसीत आणि काही आपल्या वेळेत पडलेल्या सापडतात. चुकलेलं घड्याळ मध्येच दुरुस्त करायला जाऊ नका. फरक किती आहे तो टिपा, दुरुस्ती नंतर.

रीस्टार्ट करू नका. मालक मागे उभा असेल, फोन वाजत असतील, तरी दहा मिनिटं मागून घ्या. जर्नलची (सिस्टिमच्या लॉगची) कायमची डिरेक्टरी बनवलेली नसेल तर सगळं जर्नल मेमरीत असतं आणि रीबूटबरोबर जातं. मेल तासाभर सुरळीत चालेल, मग पुन्हा तेच, आणि हातात पुरावा शून्य. थांबलेल्या मेलची रांग फ्लश करण्याचा, म्हणजे सगळे एकदम पुन्हा पाठवून बघण्याचा, मोहसुद्धा आवरा. अडकलेले सगळे मेल पुन्हा त्याच मुक्या सर्व्हरांची दारं ठोठावतात आणि चालू मेलची जागा अडवतात.

आता रांग. (हे सगळं लिनक्सवरचा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट धरून लिहितोय.) पोस्टक्यू -पी फाइलीत घ्या, पण खरं चित्र क्यूशेपमध्ये दिसतं: ॲक्टिव्ह (आत्ता पाठवायच्या) रांगेचं वेगळं, डिफर्ड (पुढे ढकललेल्या) रांगेचं वेगळं. कोणत्या डोमेनचे किती मेल किती मिनिटं पडून आहेत ते रकान्यांत येतं. एकाच डोमेनचा ढीग असेल तर बहुतेक दुखणं समोरच्याचं. सगळीकडे थोडं थोडं असेल तर आपलं.

मग मेल लॉगमधली त्या एका मेलची ओळ. तिच्यात डिलेज म्हणून चार आकडे असतात, समजा ०.३/०.०२/४१/२. पहिला, मेल आत आल्यापासून शेवटचा ॲक्टिव्ह रांगेत शिरेपर्यंतचा. डिफर्डमध्ये पडून काढलेला वेळही यातच. दुसरा ॲक्टिव्ह रांगेतल्या ताटकळण्याचा. तिसरा जोडणीचा, म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), हेलो (ओळख सांगणं) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन). चौथा प्रत्यक्ष पाठवण्याचा. वरच्या ओळीत ४१ सेकंद जोडणीत गेले आहेत, तेव्हा तुमची डिस्क कितीही जुनी असली तरी आज तिला शिव्या देऊ नका, डीएनएस बघा. उलट चौथा फुगलेला असेल आणि मेल १२७.०.०.१ कडे, म्हणजे त्याच मशीनकडे, जात असेल, तर तो तुमचाच व्हायरस स्कॅनर दम खातोय. अशी एक ओळ पुरत नाही; तक्रारीच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास अख्खा कापून घ्या. कोणत्या घड्याळाचा अर्धा तास? फाइलीच्या नावातच लिहा: आयएसटी किंवा यूटीसी.

लॉग कापल्यावर त्यात 'सप्रेस्ड' शब्द शोधा. जर्नल मूळ सेटिंगवर एका सर्व्हिसच्या ३० सेकंदांतल्या १०,००० नोंदींनंतर बाकीच्या टाकून देतं, म्हणजे ऐन गर्दीतलाच भाग गायब.

डिस्कसाठी आयओस्टॅट -एक्स, दर सेकंदाला, चार-पाच मिनिटं. पहिला अहवाल सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. वेळ छापणारा टी पर्याय लावा, नाहीतर त्या आकड्यांच्या भेंडोळ्यातून दहा वाजून सात मिनिटं कुठली ते कोण सांगणार? सारच्या (मशीनवरचा ताण नोंदवणारं साधन) नोंदी असतील तर उत्तम, पण डेबियन-उबंटूवर ते बरेचदा बंदच पडून असतं, आधी बघून घ्या. आणि ते दर १० मिनिटांची सरासरी देतं. दोन मिनिटांचा झटका त्यात विरघळून जातो. डीएफ -एच (उरलेली जागा) सगळेच करतात, डीएफ -आय (उरलेले आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा) कोणी करत नाही. मेलडिर पद्धतीच्या मेलबॉक्समध्ये प्रत्येक मेल म्हणजे एक फाइल, जागा असूनही आयनोड संपू शकतात.

मेमरीत व्हायरस स्कॅनर क्लॅमएव्ही बघा. त्याच्या ०.१०३ आवृत्तीपासून नवा डेटाबेस चढताना जुनाही मेमरीतच राहतो, तेवढ्या वेळात दुप्पट खातो. ४ जीबीच्या मशीनवर मग स्वॅप. तो डेटाबेस आणणाऱ्या फ्रेशक्लॅमचा लॉग शेजारी ठेवा आणि वेळा जुळवा. (जुळवण्याआधी काय बघायचं ते आता मी लिहीत नाही.) डीएनएससाठी डिग, सर्व्हरवरूनच, लॅपटॉपवरून नाही. ब्लॉकलिस्ट (स्पॅमवाल्या पत्त्यांची यादी) पब्लिक रिझॉल्व्हरमधून, म्हणजे सगळ्यांना खुल्या डीएनएसमधून, विचारत असाल तर अशी यादी चालवणारं स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ हे नकाराचं उत्तर देतं, तेही टिपा.

गोळा कधी करायचं? त्रास चालू असताना, आणि सगळं सुरळीत असतानाही एकदा. नाहीतर डिस्कला लागणारे १५ मिलिसेकंद चांगले की वाईट, कशावरून ठरवणार? आपल्याकडे जीएसटीआर-१ या विवरणपत्राची ११ तारीख, ३बी ची २० आणि महिनाअखेर, या दिवशी बिलांच्या पीडीएफचा लोंढा असतो. रविवारी संध्याकाळी घेतलेला डेटा शोभेपुरता.

सेटिंगसाठी पोस्टकॉन्फ -एन, डव्हकॉन्फ -एन, आवृत्त्या आणि पोस्टफिक्सची मास्टर फाइल घ्या. गेल्या आठवड्यात कोणी काय बदललं ते विचारा. "काहीच नाही" म्हणतील, पॅकेजचा लॉग बघा.

टीसीपीडंप (नेटवर्कवरचा डेटा टिपणारी कमांड) फारच गरज असेल तर, आणि मोजका. त्यात लोकांचे मेल असतात, कुठे साधं लॉगिन असेल तर पासवर्डही.

सपोर्टला पाठवताना पासवर्डच्या फाइली वगळा, पत्ते झाका, वेळेची फाइल सगळ्यात वर ठेवा. होय, तीच. पाठवून झालं की डव्हकॉटचा डीबग लावला असेल तर बंद करा, डंप पुसा आणि सर्व्हरवरची तुमची झिप फाइलही उडवा, कारण ती बहुतेक व्हार डिरेक्टरीमध्येच पडलेली आहे, रांगेच्याच पार्टिशनवर.