बजरीगर घरी आणताय? या चुका टाळा

पहिली चूक दुकानातच होते. 'लव्हबर्ड' म्हणून जोडीने विकले जाणारे निळे, पिवळे, पोपटी पक्षी बहुतेक वेळा बजरीगर असतात. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, जेमतेम 30 ते 40 ग्रॅमचा छोटा पोपट. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, जाड चोचीचा आणि भांडकुदळ. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं की बजरीगरच्या पायाचा लचका तुटतो. आयुष्याचाही हिशेब करा. बजरीगर साधारण 5 ते 10 वर्षं जगतो, डोक्यावर तुरा असलेला त्याच्याहून मोठा पोपट, कॉकाटील, 15 ते 20. मुलगी पाचवीत असताना आणलेला कॉकाटील ती नोकरीला लागली तरी घरात असेल.

गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा देशी पोपट मात्र आणूच नका. तो घरोघरी मिठू म्हणून दिसत असला, तरी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याला पकडणं, विकणं, विकत घेऊन पाळणं हा गुन्हा आहे. या कायद्यातली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यानुसार सन कोन्युर, फिशर लव्हबर्ड अशा परदेशी पक्ष्यांचीही सरकारकडे नोंदणी लागते. ती 'परिवेश' पोर्टलवर होते. बजरीगर आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत.

मडकं पिंजऱ्यात टांगू नका

जोडी घेतली की दुकानदार हमखास मातीचं छोटं मडकं पुढे करतो, 'त्यात झोपतात' म्हणून. बजरीगर झोपतो दांडीवर. मडकं त्याच्यासाठी घरटं असतं आणि ते दिसलं की मादी अंडी घालते, एक दिवसाआड एक, खेपेला 4 ते 6. पिल्लं बाहेर पडतात न पडतात तोच दुसरी खेप सुरू होते. कवचासाठी अंगातलं कॅल्शियम खर्ची पडत राहतं आणि एक दिवस अंडं अडकतं. मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, श्वासागणिक शेपूट वरखाली होते, कुंथते पण अंडं येत नाही. अशा वेळी तेल लावणं, पोट दाबणं असले घरगुती उपाय करू नका. अंडं आत फुटलं तर मादी दगावते. तिला उबेला ठेवा आणि तडक डॉक्टरकडे न्या. उद्या सकाळपर्यंत थांबू नका.

पिल्लं नको असतील तर सरळ दोन नर आणा, छान जमतं त्यांचं. चोचीच्या वरची नाकाची जागा मोठ्या नरात निळी असते, मादीत तपकिरी किंवा पांढरट. अगदी लहान पिल्लांत आणि पांढऱ्या-पिवळ्या जातींत ही खूण फसवते. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा टांगा. काष्ठौषधींच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो.

वाटी भरलेली, पक्षी उपाशी

बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते, पण फुंकर मारली की भुसा उडून तळाशी चार दाणे उरतात. म्हणून रोज फुंकर मारूनच वाटी पाहा. नुसता राळा-बाजरीवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, अंगावर चरबी चढते. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर द्या. नवा पदार्थ तो दोन-चार दिवस बघतसुद्धा नाही. 'आमचा भाजी खात नाही' म्हणून सोडून देऊ नका. ओली कोथिंबिरीची जुडी उलटी टांगा, बहुतेक जण आधी खेळायला आणि मग खायला जातात. ॲव्होकाडो विषारी आहे. चॉकलेट, चहा, कांदा, फरसाणही नको.

स्वयंपाकघराजवळचा पिंजरा

नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही. पक्ष्याची श्वसनसंस्था हवेतलं सगळं फार झपाट्याने शोषते, त्यामुळे उदबत्ती, डासांची कॉइल आणि रूम फ्रेशनरही त्याच्या खोलीत नको. बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद करा. पिंजरा गोल किंवा उंच निमुळता नको, आडवा लांब हवा. गजांमध्ये 12 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांडीऐवजी पेरूची फांदी लावा. रात्री 10 ते 12 तास अंधार आणि शांतता लागते, म्हणजे टीव्हीची खोली बाद.

'कालपर्यंत तर बरा होता'

पक्षी आजार लपवतो. कळपात दुबळा दिसणारा आधी शिकाऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून अंगात त्राण असेतो तो दाणे टिपत असल्यासारखा दिसतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. 35 ग्रॅमच्या पक्ष्यात 3-4 ग्रॅमची घट मोठी असते. चोचीवर पांढरा, जाळीदार थर दिसला तर तो बहुधा किडीचा असतो. औषधाने जातो, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, आणि वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिच्या धुळीतून माणसाला न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो.

घर दिवसभर कुलूपबंद राहणार असेल तर एकटा बजरीगर आणू नये, असं मी स्पष्टच सांगेन. आणि आणायचा ठरला तर पिंजऱ्याआधी डॉक्टर शोधा. पशुवैद्यांपैकी बरेच जण कुत्र्या-मांजरांपलीकडे जात नाहीत. फोन करून थेट विचारा: बजरीगरचं अंडं अडकलं तर तुम्ही बघता का, आणि रविवारी असता का?