ड्रोनच्या लांब रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम उडतात? या चुका टाळा

दर साडेपाच मिनिटांनी व्हिडिओला झटका बसतो म्हणून ड्रोन थेट सर्व्हिसला पाठवायला निघालेली पोरं सोलापुरात कमी नाहीत. गणपती, सिद्धेश्वरांची यात्रा, लग्नसराई, हंगाम कुठलाही असो, नंतर हीच तक्रार कानावर येते.

हा झटका एक फाइल संपून दुसरी सुरू होते त्या जोडावर बसतो. लांब रेकॉर्डिंगच्या फायली अशा तुटणं हा बिघाड नाही. फॅट३२ फॉरमॅटच्या (फायली साठवण्याची जुनी पद्धत) मेमरी कार्डावर एका फाइलीची साइज ३२ बिटांत लिहिली जाते, त्यामुळे फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. ४के शूटिंग १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चाललं असेल तर ४ जीबी साधारण साडेपाच मिनिटांत भरतात. मग कॅमेरा ती फाइल बंद करतो आणि दुसरी उघडतो. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं एक्सफॅट या नव्या फॉरमॅटवर येतात, तिथे ही अडचण नाही. तरी बरेच ड्रोन जुन्या सवयीने ४ जीबीलाच तोडतात.

स्वस्तातलं कार्ड

हजारो रुपयांचा ड्रोन घ्यायचा आणि कार्ड मोबाइलमधलं काढून घालायचं, हे मला कधीच कळलेलं नाही. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. यू१ लिहिलेलं कार्ड सतत लिहिण्याची हमी देतं सेकंदाला १० एमबीची. पाकिटावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नाही. यू३ किंवा व्ही३० बघूनच घ्या, त्यात ३० एमबीची हमी असते. एक फाइल बंद करून दुसरी उघडेपर्यंत येणाऱ्या फ्रेम बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत, थांबतात. कार्ड मंद असेल तर बफर तुंबतो आणि फ्रेम जातात.

नवं कार्ड आणलं की मी ते एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासतो. वेळ लागतो, लागू दे. नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत.

झटका दिसला की ड्रोनला शिव्या

एका मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचं शूटिंग घेऊन एक पोरगा आला. परवानगी काढून गच्चीवरून उडवलेला ड्रोन, खाली लेझीमचा ताफा, हलगीचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. एका बॅटरीत सलग घेतलेल्या पाच फायली. "अण्णा, ड्रोन गेला की ओ. सगळीकडं झटके मारायलाय." दुकानदाराशी भांडणही करून आला होता.

मी त्याला एडिटिंगची टाइमलाइन बंद करायला लावली आणि कार्डावरच्या मूळ फायली मागितल्या. पहिल्या फाइलीची शेवटची फ्रेम आणि दुसरीची पहिली फ्रेम शेजारी शेजारी लावली. पुढच्या रांगेतल्या मुलीचा हात पहिल्या चित्रात खांद्यापाशी, दुसऱ्यात डोक्याच्या वर, लेझीम उघडलेली. एका फ्रेममध्ये हात एवढा जात नाही. म्हणजे जोडावर तीन-चार फ्रेम खरंच गेल्या होत्या. कार्ड काढून बघितलं, यू१.

पण झटके तर "सगळीकडं" होते. तेव्हा बाहेर आलं की लॅपटॉपवर फायली अडकतात म्हणून गड्याने फुकटच्या कन्व्हर्टरमधून सगळ्या २५ एफपीएसवर (सेकंदाला २५ फ्रेम) काढल्या होत्या. शूटिंग ३० एफपीएसचं. तीसचे पंचवीस करताना दर सहा फ्रेममागे एक टाकून दिली जाते. मूळ फायलीत जोड सोडले तर कुठेच काही गेलं नव्हतं. लॅपटॉप अडकत होता तो एच.२६५ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ डीकोड करताना, म्हणजे उलगडताना, तो दोष वेगळाच. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबत एकेक फ्रेम पुढे नेली असती तर त्यालाही कळलं असतं. पण यांना घाई. रात्री शूट, पहाटे रील.

हलगीचं गणित तर आणखी वाईट होतं. चार जोडांवर तीन-तीन फ्रेम गेल्या तरी शेवटच्या फाइलीत आवाज चित्रापेक्षा ०.४ सेकंद मागे पडतो. लेझीममध्ये एवढं लगेच डोळ्याला खुपतं. फायली एकामागे एक चिकटवल्या आणि आवाज एकदाच जुळवला, की हे होणारच. प्रत्येक फाइल आवाजाशी स्वतंत्र जुळवा आणि जोडावर खालून घेतलेला एखादा शॉट टाका. गेलेल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवून घालायच्या नादाला मी लागत नाही, हलत्या हातांची बोटं वितळल्यासारखी दिसतात.

कट कॅमेऱ्यावर सोडणं

काही मॉडेलांत चांगलं कार्ड असूनही जोडावर फ्रेम जातात. त्याला माझा एकच इलाज आहे. पाच मिनिटं व्हायच्या आत, शॉट संपल्यासारखा वाटला की मीच रेकॉर्डिंग थांबवतो आणि पुन्हा चालू करतो. यात्रेतले नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) कोपऱ्यावर वळत असताना फाइल तुटण्यापेक्षा ते थांबलेले असताना मी तोडलेली बरी. "सलग पाहिजे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारा, वीस मिनिटांचा एकच शॉट तो खरंच बघणार आहे का.

जोड शुद्ध असतील, म्हणजे तिथे फ्रेम गेल्या नसतील, आणि फायली नुसत्या चिकटवायच्या असतील तर लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर किंवा एफएफएमपेगचं कॉन्कॅट (फायली जोडायची सोय) वापरा, कोडेक कॉपीवर ठेवून, म्हणजे व्हिडिओ आहे तसाच उतरतो. पुन्हा एन्कोड करू नका.

बाकीच्या

कार्ड कॉम्प्युटरवर नाही, ड्रोनमध्येच फॉरमॅट करा. मैदानात एकेक क्लिप डिलीट करत जागा काढू नका.

उडवताना फोनच्या स्क्रीनवर अडकलेलं चित्र म्हणजे रेकॉर्डिंग अडकलं असं नाही, तो सिग्नलचा खेळ. आणि फोनमध्ये उतरलेली ती हलकी कॉपी एडिटिंगला वापरू नका, कार्ड काढा.

एप्रिल-मेच्या उन्हात ड्रोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मग उडवू नका.

रेकॉर्डिंग थांबवल्याशिवाय ड्रोन बंद करू नका. फाइलीत काय कुठे आहे ते सांगणारा भाग बहुधा शेवटी लिहिला जातो, तो राहिला की फाइल उघडतच नाही. असं झालंच तर कार्ड फॉरमॅट न करता त्याच ड्रोनमध्ये परत घाला, ड्रोन चालू करा आणि थोडा वेळ हात लावू नका. बरेच ड्रोन फाइल स्वतःच दुरुस्त करतात.